गाणी तेवढी ठेवली

१७ फेब्रुवारी. मृत सात : चार स्त्रिया, तीन पुरुष.

त्या सकाळी धुलाई-कारखान्यातील सुकवणी यंत्राच्या जाळीत साचलेल्या कापडाच्या तुसाने पेट घेतला. पुढच्या दाराच्या वाटेवर चादरींनी भरलेल्या ट्रॉल्या उभ्या होत्या, त्याही पेटल्या. सातांपैकी चौघे मागच्या दाराशी सापडले. त्या दाराला बाहेरून कुलूप होते की नव्हते, या एका प्रश्नावर पुढचे सर्व काही अवलंबून राहिले. या प्रश्नाचे उत्तर ज्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते, आणि जो मालकांच्या पगारावरही नव्हता व मृतांच्या नात्यातही नव्हता, असा एकच माणूस होता. हे त्याचे चरित्र आहे. त्याने कोणाला मारले नाही, कोणाकडून पैसे घेतले नाहीत, त्याला कोणी धमकावलेही नाही. या तिन्ही गोष्टी मी आरंभीच नोंदवतो. त्यांपैकी एखादी जरी खरी असती, तरी मला त्याला समजून घेणे सोपे गेले असते.

कारखान्यात त्याला सगळे लेबलकाका म्हणत. तारुण्यापासून निवृत्तीपर्यंत तो तिथला भांडारपाल होता. साबणाच्या भुकटीची पोती, ब्लीचचे कॅन, उशांच्या अभ्र्यांना लावायची बटणे, इस्त्रीच्या टेबलांचे जाड कापड, हे सारे त्याच्या ताब्यात. भांडारात असे काहीही नव्हते ज्यावर त्याच्या टपोऱ्या, सरळ अक्षरातील चिठ्ठी चिकटवलेली नव्हती. लाइटच्या बटणावर ‘लाइट’ अशी चिठ्ठी होती. पाण्याच्या माठावर ‘पाणी’ होते. कामगार हसत, पण त्याच्या भांडारात कधी काही हरवले नाही हेही मान्य करीत. स्वतःबद्दल तो एकच वाक्य अभिमानाने सांगे : “माझ्याकडे वस्तू आली की ती हरवत नाही.” हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ‘वस्तू’ या शब्दाबाहेर त्याला जग नव्हते.

निवृत्तीनंतर त्याला भांडार उरले नाही, म्हणून त्याने घरात एक उभे केले. त्याच्याजवळ सीड्यांचा मोठा संग्रह होता. काही विकत घेतलेल्या, काही रद्दीच्या दुकानातून उचललेल्या, काही मेलेल्या परिचितांच्या घरून मागून आणलेल्या. मुलगी लग्न होऊन गेल्यावर तिची खोली रिकामी झाली होती. तिथे त्याने एक टेबल, एक संगणक आणि कोपऱ्यात एक काळी पेटी बसवली. पेटीत दोन हार्ड डिस्क होत्या आणि ती तारेने घरच्या राउटरला जोडलेली होती, म्हणजे घरातल्या कुठल्याही खोलीतून, कुठल्याही यंत्रावर तिच्यातले गाणे लावता यावे. दिवसभर तिची घरघर चाले. उन्हाळ्यात त्या खोलीला पंखा मिळाला. त्याच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, स्वयंपाकघराला मिळाला नाही.

काम करण्याची त्याची रीत मी स्वतः पाहिली आहे. सीडी उचलायची ती कडेने. मऊ कापडाने मधून बाहेर पुसायची, गोल गोल कधीच नाही. मग ती यंत्रात घालायची आणि टक्के चढताना पाहत बसायचे. ओरखडा असला की यंत्र अडखळे, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचे, आणि हा श्वास रोखून बसे. सगळे शंभर टक्के उतरले की खरा आनंद सुरू होई : कलाकार, अल्बम, वर्ष, क्रमांक. प्रत्येक फाइलला हे चार टॅग, म्हणजे संगणकातल्या चिठ्ठ्याच. त्यांपैकी एकही रिकामा राहता कामा नये. एकच गायिका एका मुखपृष्ठावर एका पद्धतीने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली आढळली की तो दिवसभर अस्वस्थ असे. मुखपृष्ठे स्कॅन होत, त्यांच्या कडा सारख्या कापल्या जात. यात न घडणारी एकच गोष्ट होती. गाणे ऐकले जात नसे. पहिली दहा सेकंदे आणि शेवटची दहा सेकंदे तो लावी, नीट उतरले आहे की नाही एवढे तपासण्यापुरती.

काकूंनी मला सांगितलेला त्यांचा एक जुना संवाद असा :

“अहो, घरात इतकी गाणी, आणि मी अजून शेजारच्यांच्या रेडिओवर ऐकते.”

“थांब गं. लावून होऊ दे. आत्ता कुठे ‘प’पर्यंत आलोय.”

“म्हणजे ‘स’ येईपर्यंत मी म्हातारी होणार.”

“झालीसच की.”

काकू हे सांगताना हसल्या. मला हसू आले नाही. माणूस एखादी गोष्ट जपतो तेव्हा ती कोणासाठी जपतो, हा प्रश्न आपल्या समाजात कोणी विचारीत नाही. जपणे हीच पुण्याची गोष्ट ठरून गेली आहे. कृपण माणसाला आपण नावे ठेवतो, संग्राहकाला शाल पांघरवतो. दोघांच्या मुठी मात्र सारख्याच आवळलेल्या असतात.

आता कारखान्यातल्या गाण्याकडे येतो.

शनिवारी पाळी लवकर सुटे आणि बस अर्ध्या तासाने येई. त्या अर्ध्या तासात इस्त्री-विभागात दहाबारा जण गात. कोणी शिकवले नव्हते, कोणी नेमले नव्हते. वाफेच्या दाबयंत्रावर काम करणारा एक धिप्पाड गडी त्यांचा म्होरक्या होता. त्याला भोंगा म्हणत. पाळीचा भोंगा वाजत असताना त्याने हाक मारली तर हाकच ऐकू येते, अशी ख्याती होती. त्याची बायको त्याच कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला इस्त्री करी, आणि शनिवारी त्याच वेळी कामावर येई. सगळे तिला वहिनी म्हणत. गाणारे जुनी गाणी म्हणत, काही स्वतः जुळवलेलीही म्हणत, आणि दोन गाण्यांच्या मधे एकमेकांची यथेच्छ टिंगल करीत. मागे सुकवणी यंत्रांची घरघर चालूच असे; ती थांबायची वाट पाहिली असती तर कोणी कधीच गायले नसते.

लेबलकाका निवृत्तीनंतरही शनिवारी टेपरेकॉर्डर घेऊन तिथे येई. कॅसेट लावायची, तारीख सांगायची, बटण दाबायचे आणि भिंतीला टेकून उभे राहायचे.

“काका, तुम्हीपण एखादी ओळ म्हणा की,” भोंगा म्हणे.

“ध्वनिमुद्रण चालू आहे. हलू नका.”

“बघा रे, आपण गातोय आणि काका मापं घेताहेत. शिंपी व्हायचे ते चुकून भांडारात आले.”

पुढच्या शनिवारी तो आदल्या आठवड्याची कॅसेट लावून दाखवी. लोक स्वतःचे आवाज ऐकून लाजत, एकमेकांना ढोसत. वहिनीने एकदा विचारले होते, “काका, यातली एक आम्हाला करून द्या ना. मुलीला ऐकवते घरी.” तो म्हणाला, “देतो, देतो. आधी नीट लावून होऊ दे. अशी अर्धवट बाहेर गेली की कोण काय नाव लावेल सांगता येत नाही.” त्याने कधीही, कोणालाही, एकही प्रत दिली नाही. मागणाऱ्यांनी ती मागण्याचे सोडून दिले. आपली वस्तू सुरक्षित हातात आहे, एवढ्यावर गरीब माणूस लवकर समाधान मानतो.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी गाणे संपल्यावर, टेप चालू असताना, जे बोलणे झाले ते वहिनीला तोंडपाठ आहे. पुढच्या शनिवारी लोकांनी ते पुन्हा पुन्हा लावायला लावले होते. घाईत असलेला कोणीतरी म्हणतो, “चला रे, मागच्या दाराने निघू, बस चुकेल.” भोंगा म्हणतो, “मागचं दार? स्वप्नात उघडतं ते. उघडं ठेवलं तर दिवाळं निघेल ना मालकांचं! मी रोज दोन चादरी पोटाला गुंडाळून नेतो, म्हणून तर हे पोट.” हशा. आणि मग मुकादमाचा आवाज, अगदी स्पष्ट : “पोट आवर आणि पुढून जा. मागचं कुलूप निघणार नाही, मालकांचा हुकूम आहे.” भोंगा : “आणि आग लागली तर?” मुकादम : “तुझ्या आवाजानंच विझेल.” पुन्हा हशा, सगळ्यांत मोठा भोंग्याचा.

ते शब्द एका फितीवर होते. जानेवारीच्या शेवटी लेबलकाकाने कारखान्यातल्या साऱ्या कॅसेटी संगणकात उतरवायला घेतल्या.

त्या वेळी शहराच्या वाचनालयाने ‘श्रमिकांचे गाणे’ असा एक विभाग उघडायचे ठरवले होते, आणि ग्रंथपाल त्याच्या घरी येऊन संग्रह पाहून गेले होते. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी शिकलेला माणूस त्याच्या खोलीत खुर्चीवर बसून “वा, वा” म्हणाला होता. लेबलकाका झपाटल्यासारखा कामाला लागला. उतरवलेला प्रत्येक आवाज पडद्यावर डोंगररांगेसारखा दिसे : गाण्याच्या जागी उंच, भरीव शिखरे, बोलण्याच्या जागी बारीक, विस्कटलेली झुडपे. ती झुडपे त्याला खुपू लागली. त्याच्या भाषेत ती ‘बडबड’ होती. मूळ फाइल उघडायची, बडबडीवर खूण करायची, ती कापायची, आणि मूळ फाइलच्याच जागी, त्याच नावाने ती पुन्हा जपून ठेवायची, असा त्याने क्रम लावला. सुरुवातीला स्वतः सांगितलेली तारीखही त्याने कापली. तारीख टॅगमध्ये होतीच. यंत्रांची घरघरही एका साधनाने गाळून टाकली. ते गाणे आता कुठेच गायलेले नव्हते, कोणाच्याही मधे गायलेले नव्हते.

त्या दिवसांतली एक गोष्ट काकूंनी मला सांगितली. शपथेवर सांगायचीही त्यांची तयारी होती. त्या चहा घेऊन खोलीत गेल्या, तेव्हा कानाला हेडफोन लावलेला त्यांचा नवरा एकटाच खो खो हसत होता.

“काय झालं हसायला?”

“अगं, हा भोंग्या! पोटाला चादरी गुंडाळतो म्हणे. आणि मुकादम बघ काय म्हणतो.” त्याने हसत हसत डोळे पुसले.

“मला ऐकवा तरी.”

“बडबड आहे गं, गाणं नाही,” असे म्हणून त्याने कळ दाबली.

कापण्यापूर्वी त्याने ते ऐकले होते आणि त्याला ते आवडले होते. यंत्रासारखा वागला म्हणून त्याला माफ करता येईल, या आशेची वाट इथेच बंद होते.

फाइली पूर्ण झाल्यावर कॅसेटी भंगारवाल्याकडे गेल्या. काकूंनी “राहू द्या की एखादं खोकं” म्हटले, तेव्हा तो म्हणाला, “दोन ठिकाणी आहे सगळं. एक डिस्क गेली तरी दुसरी आहे.” पेटीतल्या दोन्ही डिस्क एकमेकींचा आरसा होत्या, एकीवर जे लिहिले जाई ते त्याच क्षणी दुसरीवर लिहिले जाई. एकीवर जे पुसले जाई तेही दुसरीवर त्याच क्षणी पुसले जाई, हे त्याला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ त्याने कधी लावला नव्हता. यंत्र बिघडले तर काय, याची त्याने पूर्ण तजवीज केली होती. स्वतः चुकलो तर काय, हा विचार त्याला शिवला नव्हता. त्याच्याकडे आलेली वस्तू कधी हरवत नसे ना.

मग फेब्रुवारी उजाडला. सातांपैकी पाच जण गाणारे होते. त्यांत भोंगा होता. तो मागच्या दाराशी सापडला.

मालकांनी दोन दिवसांत राडारोडा उचलला. चौकशी अधिकारी आले तेव्हा दार नव्हते, चौकट नव्हती, कडी-कोयंडाही नव्हता. वाचलेल्या कामगारांना मालकांनी आपल्या दुसऱ्या कारखान्यात घेतले, आणि त्यांनी कानांवर हात ठेवले. मुकादमाने लिहून दिले : दार कधीच कुलूपबंद नसे. मृतांचे नातलग काय सांगतात याला मालकांच्या वकिलांकडे एकच उत्तर होते : ते सांगणारच, भरपाई त्यांनाच मिळायची आहे. तेव्हा वहिनीला ती कॅसेट आठवली. खुद्द मुकादमाचा आवाज, तारखेसकट.

मृतांच्या घरांच्या मदतीसाठी उभ्या राहिलेल्या आमच्या नागरी समितीतला एक सदस्य या नात्याने मी तिच्याबरोबर लेबलकाकाच्या घरी गेलो. त्याने आम्हाला बसवले, मृतांबद्दल चार बरे शब्द बोलला, आणि लगेच पडद्यावर फोल्डर उघडून दाखवला. आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने पाचही गाणाऱ्यांच्या नावांमागे ‘दिवंगत’ जोडून टाकले होते. “टॅग अद्ययावत आहेत,” तो म्हणाला. त्याला वाटले, वहिनीला हे पाहून बरे वाटेल.

वहिनी म्हणाली, “काका, जानेवारीतला पहिला शनिवार लावा.”

त्याने लावले. गाणे सुरू झाले. स्वच्छ, कोरडे, मागे काहीही नसलेले. भोंग्याचा आवाज आला तशी तिने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले, पण ती रडली नाही. ती गाणे संपायची वाट पाहत होती. गाणे संपले.

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“गाणं संपल्यावर तो चादरींचं बोलला होता ना? आपण चारदा ऐकलं. तुम्हीच लावलं होतं.”

“ते... ते मुद्रणात राहिलेलं नाही.”

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, तुम्हीच हसला होतात त्याला. मी चहा घेऊन आले होते.”

“तू आत जा.”

“नाही जात.”

वहिनी म्हणाली, “कॅसेट द्या मग. मी कुठेतरी लावून घेते.”

“कॅसेटी भंगारात गेल्या.”

“पण तुम्ही तर म्हणाला होतात, दोन ठिकाणी असतं. दुसऱ्या ठिकाणचं लावा.”

त्याने आरशाची पद्धत समजावून सांगायला सुरुवात केली. मोठ्या आत्मीयतेने सांगत होता. ही डिस्क, ती डिस्क, दोन्हीवर नेहमी सारखेच. तिने त्याला पुरते बोलू दिले.

“म्हणजे दोन्हीकडे नाही,” ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. त्या क्षणी मला त्याची कीव आली, हे मी नाकारीत नाही. माणूस निष्काळजी असतो, माणूस बावळट असतो. त्याच्यासाठी काही किळस राखून ठेवायचे कारण नाही. वहिनीलाही तसेच वाटले असावे, कारण तिने आवाज खाली आणला.

“जाऊ द्या, काका. गेलं ते गेलं. तुम्ही ऐकलंय ना? तुम्ही फक्त येऊन तेवढं सांगा. मी बडबड म्हणून कापलं, पण कापायच्या आधी ऐकलं, मुकादम असं असं बोलला. बस. तुमचं काही जात नाही. तुम्ही ना आमच्यात, ना त्यांच्यात.”

“बघतो,” तो म्हणाला.

जिना उतरताना ती मला म्हणाली, “येतील ते. भांडारात एक बटण कमी निघालं तरी दिवसभर जेवायचे नाहीत.”

तो आला. इस्त्रीचा सदरा घालून, वेळेच्या आधी आला. चौकशी जुन्या सरकारी इमारतीच्या एका अरुंद खोलीत चालली होती. भिंतीला ओल होती आणि साक्षीदाराची खुर्ची एका पायाने डुगडुगत होती. समोरच्या बाकावर सात घरची माणसे बसली होती. मी जे खाली देतो ते तिथे नोंदले गेले आहे.

अधिकाऱ्यांनी विचारले, “कामगारांच्या गाण्याची मुद्रणे तुमच्याकडे आहेत?”

“आहेत. सर्वच्या सर्व.”

“त्यांतून तुम्ही काही वगळले आहे का?”

ग्रंथपाल मागच्या रांगेत बसले होते. संग्रह वाचनालयाकडे जाण्याचे त्याच आठवड्यात पक्के झाले होते, आणि ‘मूळ व अखंड’ हे त्याचे शब्द विभागाच्या फलकावर लिहिले जाणार होते. त्याने एकदा मागे पाहिले. वहिनीकडे त्याने पाहिले नाही.

“काही वगळलेले नाही,” तो म्हणाला. “माझ्याकडे वस्तू आली की ती हरवत नाही.”

मालकांचे वकील लगेच उठले. असा साक्षीदार आपल्याला फुकट मिळेल, याची त्यांना कल्पना नसावी. “म्हणजे जानेवारीच्या मुद्रणात मुकादमांचे बोलणे आहे, असे जे या बाई म्हणतात...”

“गाण्याच्या मुद्रणात बोलणं कशाला असेल?”

“तुम्ही तसे काही ऐकलेले आठवते?”

“नाही.”

बाकावरून वहिनी उठली. “काका, मोठ्यानं बोला. त्यांना ऐकू आलं नसेल, ज्यांच्याबद्दल बोलताय.” अधिकाऱ्यांनी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही. “आम्ही सगळे चोर होतो ना, काका? चादरी पळवायचो. तुम्ही आमचा आवाज पळवलात आणि वर त्याला नावं लावलीत.” तिला बाहेर नेण्यात आले.

मग काकू पुढे आल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्या म्हणाल्या, “मला सांगायचंय. हे हसले होते.” वकिलांनी विचारले, बाई, तुम्ही स्वतः त्या मुद्रणातले शब्द ऐकले का? काकू म्हणाल्या, “नाही. मला ऐकवलंच नाही. कधीच काही ऐकवत नाहीत.” खोलीत काही जण हसले. त्यांची साक्ष ऐकीव ठरली. ते शब्द मीही स्वतः ऐकले नव्हते.

निकाल आला, त्यात लेबलकाकाचे वाक्य जसेच्या तसे उद्धृत केले होते : तटस्थ, निर्लोभ आणि नोंदींच्या बाबतीत काटेकोर अशा साक्षीदाराने सदर बोलणे अस्तित्वात असल्याचे नाकारले आहे. दार कुलूपबंद असल्याचे सिद्ध होत नाही. आग हा अपघात.

नंतर मी एकदाच त्याला भेटलो. मला कारण हवे होते. भीती असावी, असे मला वाटत होते. निदान लाज तरी असावी. त्याने मला त्याच खोलीत बसवले. काकू आता मुलीकडे राहत होत्या. पंखा फिरत होता.

“तुम्ही खोटं का बोललात?” मी विचारले.

“खोटं कसं? आज जे आहे ते पूर्णच आहे.”

“तुम्ही ते कापलंत.”

त्याने दार लोटून घेतले, आणि विश्वासाने, एखाद्या सहकाऱ्याशी बोलावे तसा बोलू लागला. “तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळेल. एका ठिकाणी ‘कापलं’ म्हटलं की संपलं. मग लोक म्हणणार, बाकीच्यातही कापलं असेल. तारखा खऱ्या कशावरून? नावं खरी कशावरून? एवढी वर्षं लावलेलं सगळं संशयात जातं. एका बडबडीपायी?”

“त्या बडबडीत सात माणसं होती.”

“ती काय परत येणार होती?” तो म्हणाला, आणि मग, मला बरे वाटावे म्हणून, “पण गाणी तेवढी ठेवलीत ना मी. मी नसतो तर तीही गेली असती.”

त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणाची एक रेषाही नव्हती. दुष्ट माणूस निदान दुसऱ्याला माणूस समजून त्याचे नुकसान करतो. यापुढे कोणी मला सांगितले की अमुक गृहस्थ भारी व्यवस्थित आहेत, त्यांच्या घरात सारे जिथल्या तिथे असते, तर मी आधी विचारीन की त्या घरात बोलणाऱ्यांना कुठे ठेवतात. व्यवस्था हा गुण नाही. ती कशाची आहे आणि कोणाला बाहेर ठेवून उभी आहे, यावर तिची किंमत ठरते. या माणसाने आयुष्यभर चिठ्ठी लावता येणाऱ्या गोष्टींवर प्रेम केले, आणि जी चिठ्ठीत मावत नाही ती कचरा समजून काढून टाकली. त्याच्या हातून भांडारात कधी काही हरवले नाही, हे मी आजही खरे मानतो. तिथे माणसे ठेवलेली नव्हती, एवढेच.

उठताना त्याने मला विचारले, “एखादं ऐकायचंय का? कुठलंही सांगा, लगेच लागतं.” मी चपला घालून जिन्यापर्यंत आलो. वर त्या खोलीत त्याने माझ्या उत्तराची वाट न पाहता काहीतरी लावले होते. पहिली दहा सेकंदे वाजली, मग शेवटची दहा.

वाचनालयात तो विभाग उघडला आहे. तिथे कोणीही बसून, कानाला हेडफोन लावून, पाच मृतांची गाणी ऐकू शकतो. मुद्रण उत्तम आहे. वहिनी एकदाही गेली नाही. ती आता एका हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करते.

मालकांनी सात घरांना अंत्यविधीचा खर्च दिला. निष्काळजीपणाबद्दलची भरपाई सातांपैकी एकाही घराला दिलेली नाही.